साठवणीच्या पाण्यातील अळ्या आणि निंबोळी

प्रश्न : आमच्याकडे नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी येते, म्हणून रांजण व टाक्या भरून ठेवाव्या लागतात. त्यांत होणाऱ्या डासांच्या अळ्यांवर निंबोळीचा अर्क चालेल का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य अळीच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते, त्यामुळे अळी लगेच मरत नसली, तरी तिचा डास होणे खुंटते. खानदेशातील कडक उन्हात हे द्रव्य काही दिवसांतच निष्प्रभ होते, म्हणून सांडपाण्याच्या डबक्यात ते पुन्हा पुन्हा टाकावे लागते. निंबोळी तेल असल्यास ते आधी साबणाच्या पाण्यात घोटून घ्यावे, एरवी ते मिसळत नाही. पिण्याच्या पाण्यात मात्र हा अर्क कदापि टाकू नये. सीताफळाच्या बियाही अळ्यांना मारक आहेत, पण त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. ती घरी कुटूच नये.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी रांजणाच्या आतील बाजूस, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून रांजण नुसता उपडा न करता दर आठवड्याला आतून काथ्याने घासावा आणि भरल्यावर कापडाने घट्ट बांधावा. वापरायच्या पाण्याच्या हौदात गप्पी मासे सोडावेत. तेथे अर्क टाकू नये.