पुस्तकांतला ऑक्टोपस कायम खलनायकच का असतो?

तुमचा प्रश्न असा, की पुस्तकांत ऑक्टोपस नेहमी राक्षस किंवा शोषणाचं प्रतीक म्हणूनच का येतो आणि त्याच्याबद्दल वाचायचं तर सुरुवात कुठून करावी. मी रावेर तालुक्यातला, केळीच्या पट्ट्यातला. समुद्र आमच्यापासून फार लांब. मला हा प्राणी पहिल्यांदा नीट भेटला तो शेतकऱ्यांच्या एका कादंबरीत, म्हणून आधी तिच्याबद्दल.

फ्रँक नॉरिसची 'द ऑक्टोपस' १९०१ ची. कॅलिफोर्नियात गहू पिकवणारे शेतकरी एकीकडे आणि त्यांची जमीन, मालाचं भाडं, कोर्टकचेऱ्या सगळंच मुठीत ठेवणारी रेल्वे कंपनी दुसरीकडे. नावातला ऑक्टोपस म्हणजे ही रेल्वेच. आधार खऱ्या घटनेचा आहे: ११ मे १८८० ला मसल स्लू इथे जमिनीच्या ताब्यावरून गोळीबार होऊन सात माणसं गेली. कादंबरीत डाइक नावाचा इंजिन ड्रायव्हर आहे. नोकरी सुटल्यावर तो कर्ज काढून हॉप्स लावतो, म्हणजे बिअरला लागणारं पीक. भाव चढतात, घरात आनंद होतो आणि नेमकं तेव्हाच रेल्वे भाडं वाढवते. भाडं ठरवायचा तुमचा नियम तरी काय, असं तो एजंटला विचारतो. उत्तर येतं, माल जेवढं सोसेल तेवढं.

हा भाग मी आप्पांना मराठीत सांगितला. सावदा-रावेरच्या मालधक्क्यावर केळीचे वॅगन भरताना त्यांनी आयुष्यभर पाहिलेत. ते मध्येच म्हणाले, "मग हा थेट वरच्या साहेबाकडे का नाही गेला?"

डाइक जात नाही, पण प्रेस्ली नावाचा कवी जातो. कंपनीचा अध्यक्ष शेलग्रिम म्हणजे कुणी हैवान असणार, अशा समजुतीने. समोर बसलेला म्हातारा त्या वेळी एका दारुड्या कारकुनाचं प्रकरण बघत असतो आणि त्याला काढून टाकण्याऐवजी त्याचा पगार वाढवतो. मग प्रेस्लीला सांगतो, गहू आणि रेल्वे या शक्ती आहेत, दोष माणसांना नाही, परिस्थितीला द्या. प्रेस्लीला यावर काही बोलता येत नाही. हा प्रसंग वाचून माझा संताप होतो, आणि अख्ख्या पुस्तकात सगळ्यात खराही तोच वाटतो. ज्याला जाब विचारायचा तो सापडतच नाही.

आता गंमत बघा. व्यंगचित्रांतल्या ऑक्टोपसला मधोमध एक हुकूम सोडणारं डोकं असतं. १९०४ साली 'पक' या अमेरिकन साप्ताहिकात आलेलं स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचं चित्र प्रसिद्ध आहे, तेही तसंच. खऱ्या ऑक्टोपसचं तसं नाही. त्याच्या सुमारे ५० कोटी मज्जापेशींपैकी निम्म्याहून जास्त हातांमध्येच असतात. प्रत्येक हात बऱ्याच गोष्टी आपल्यापुरत्या ठरवतो. म्हणजे नॉरिसची रेल्वे खऱ्या प्राण्याच्या जास्त जवळ जाते. तिथेही सगळं एजंट, वकील, दरपत्रकं यांच्याच हाती.

राक्षस म्हणून त्याची ख्याती वाढवली ती व्हिक्टर ह्यूगोने. गर्नसी बेटावर हद्दपारीत असताना लिहिलेल्या त्याच्या १८६६ च्या कादंबरीत खडकातल्या गुहेत एका कोळ्याची ऑक्टोपसशी झुंज आहे. मागोमाग ज्युल व्हर्नने नॉटिलस पाणबुडीवर असलाच हल्ला घडवला. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठी घरांत पोचला, तेव्हा आपल्याकडची भीतीही थोडीफार तिथलीच. प्रत्यक्षात हा लपून राहणारा प्राणी. संकट दिसलं की शाई सोडून पळतो.

याच्यावर उतारा म्हणजे साय माँटगोमेरी यांचं 'द सोल ऑफ अॅन ऑक्टोपस' (२०१५). बॉस्टनच्या मत्स्यालयात त्या टाकीत हात घालतात आणि ऑक्टोपस आपल्या चूषकांनी त्यांची कातडी चाखून बघतो. त्याला स्पर्श आणि चव एकाच जागी कळते. त्यातली ऑक्टेव्हिया अंडी घालते. ती फळलेली नसतात, त्यांतून काही निघणार नसतं. तरी ती महिनोनमहिने त्यांच्यावर पाणी फुंकते, ती साफ ठेवते, कुणाला जवळ येऊ देत नाही. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते आणि त्यांना सांभाळता सांभाळता संपते, हे ठाऊक असूनही ती पानं वाचवत नाहीत.

पीटर गॉडफ्री-स्मिथ यांचं 'अदर माइंड्स' (२०१६) तत्त्वज्ञाचं पुस्तक आहे. आपल्या वंशापासून कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेल्या फांदीवर बुद्धी नव्याने कशी उगवली, हा त्याचा विषय. सावकाश वाचायचं. आणि शेल्बी व्हॅन पेल्ट यांच्या 'रिमार्केबली ब्राइट क्रीचर्स' (२०२२) मध्ये तर मार्सेलस नावाचा ऑक्टोपस स्वतःच बोलतो, कैदेतले दिवस मोजतो. थोडी गोडगोड आहे, पण ज्याला इतकी वर्षं नुसतं भ्यायलो त्याच्या तोंडी 'मी' ऐकणं मला फार आवडलं.

सुरुवात माँटगोमेरींपासून करा, इंग्रजी सोपं आहे. नॉरिस जाडजूड आहे, वर्णनं लांबतात, ती खुशाल चाळा. डाइकचा सगळा भाग आणि शेलग्रिमची भेट मात्र सोडू नका.