द्राक्षं गरमच भरली तर रीफर कंटेनरमध्ये (थंड करणारं मशीन बसवलेल्या कंटेनरमध्ये) वाटेत थंड होतील का?

नाही. रीफर माल थंड करायला नसतो, थंड केलेला माल तसाच ठेवायला असतो. नाशिकची द्राक्षं न्हावा शेवाहून रॉटरडॅमला पाठवताना आधी प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे भरण्याआधी माल थंड करायच्या खोलीत, 0 ते 1 अंश सेल्सिअसवर आणा. खोलीचा आकडा बघू नका, मण्यात तापमान मोजायची सुई (प्रोब) खुपसून बघा. पेटी गरम गेली की आत पाणी सुटतं, त्या ओलाव्याने बुरशी रोखायला पेटीत ठेवलेला सल्फर डायऑक्साइडचा पॅड एकदम वायू सोडतो, देठाजवळ मणी पांढरे पडतात आणि पुढे पॅडमध्ये दम न उरल्याने बुरशी धरते.

थंड हवा तळाच्या खाचांतून वर येते. म्हणून पेट्या कंटेनरच्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर रचू नका, दाराकडची तळाची उघडी जागा पुठ्ठ्याने झाका. भरताना रीफरचं मशीन बंदच हवं. नाहीतर दमट हवा आत ओढून मशीनच्या थंड नळ्यांवर (कॉइलवर) बर्फ साचतो.