पाठमोरा येशू

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या संतपटाची पटकथा वाचली. दुसऱ्याच पानावर महाराजांच्या डोक्यामागे प्रभावळ उगवते, म्हणून हे पत्र. चार दिवस लेखणी खाली ठेव आणि विल्यम वायलरचा 'बेन-हर' बघ, १९५९चा. मोठ्या पडद्यावर मिळाला तर उत्तम, मोबाइलवर मात्र नको.

टीव्ही अमेरिकेत घरोघरी शिरला, तेव्हा घरच्या पेटीत मावणार नाही असं काही दाखवणं स्टुडिओंना भाग पडलं. १९५३मध्ये 'द रोब' सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे खूप रुंद पडद्यावर आला आणि बायबलपटांना ऊत आला. दिग्दर्शक डिमिलच्या 'द टेन कमांडमेंट्स'मध्ये समुद्र दुभंगतो तेव्हा मी आजही खुर्चीत पुढे सरकतो. टाकीत कोसळणारं पाणी उलटं फिरवून दाखवलंय हे ठाऊक असूनही. भव्यतेला नाक मुरडू नकोस. आपल्या फाळक्यांनीही मुंबईत ख्रिस्तपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कृष्ण उभा राहिला.

पण या बायबलपटांतली पात्रं तोंड उघडतात आणि शिलालेख वाचल्यासारखी बोलतात. त्याच चित्रपटात सोन्याच्या वासराची पूजा करणाऱ्यांचा धिंगाणा डिमिल चवीचवीने दाखवतो आणि मग त्याच लोकांवर देवाचा कोप आणतो. हा दुटप्पीपणा मला सहन होत नाही. 'बेन-हर'मधला अरब शेखही चेहऱ्याला रंग फासलेला वेल्सचा नट आहे, आणि त्या भूमिकेला ऑस्कर मिळालं. १९६५च्या 'द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड'मध्ये तर क्रुसापाशी थेट काउबॉयपटांचा नायक जॉन वेन! त्याचा आवाज आला की माझं मन प्रार्थनेतून उठतंच.

'बेन-हर'ची रथशर्यत बघशीलच. नाझरेथचा प्रसंग मात्र तीनदा बघ. साखळदंडातला नायक ज्युडा तहानेने कोसळतो. याला पाणी द्यायचं नाही, असा हुकूम आहे. तरी कुणीतरी वाकून त्याला पाणी पाजतं. रोमन अधिकारी ओरडत येतो. पाणी पाजणारा उठून उभा राहतो, आपल्याला पाठमोराच. अधिकारी त्या चेहऱ्याकडे बघतो आणि थबकतो. वळतो, चार पावलं जातो, पुन्हा मागे बघतो. बस्स. संपूर्ण चित्रपटात येशूचा चेहरा दिसत नाही. जे दिसतं ते त्या शिपाईगड्याच्या डोळ्यांत.

तुझ्या दुसऱ्या पानावर कोपऱ्यात एक शेतकरी आहे, अभंग ऐकताना हातातली भाकरी विसरलेला. त्याला तू एकच ओळ दिली आहेस. प्रभावळ काढ, कॅमेरा त्याच्याकडे ने आणि नवा खर्डा पाठव. मी वाट बघतोय.

तुझा,
काका