माणसांचीच भीती, मग उपचार गटात कसा?

पत्र: ताई, मी २८ वर्षांचा. सांगलीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. चारचौघांत बोलायचं म्हटलं की हात थरथरतात, आवाज फुटत नाही. मीटिंग टाळतो, लग्नाला गेलो तर न जेवता परततो. मानसोपचारतज्ज्ञांनी सोशल अँग्झायटी सांगितली, गोळ्या दिल्या आणि सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचाराच्या, गटात बसायला सुचवलंय. तिथे नैराश्यवाले, ओसीडीवाले सगळेच असतात म्हणे. मला माणसांचीच भीती, आणि बसायचं आठ अनोळखी माणसांत? शिवाय बाहेर बोभाटा झाला तर?

उत्तर: बोभाट्याचं आधी बघू, कारण पाय तिथेच अडलाय. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. गटातल्या इतरांच्या बाबतीत भिस्त पहिल्या दिवशी ठरणाऱ्या नियमावरच. म्हणून गट सुरू होण्याआधीच्या भेटीत थेट विचारा, ‘ओळखीचं कुणी निघालं तर काय करता?’ उत्तर गुळमुळीत आलं तर तो गट नको. आडनाव, कंपनीचं नाव सांगायची सक्ती नसावी.

आता मिश्र गटाचं. चिंता, पॅनिक, नैराश्य यांचा एकत्र गट चालू शकतो. टाळाटाळ मोडणं आणि मनातलं भाकीत पडताळणं हे काम तिथे सगळ्यांनाच करायचं असतं. ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, तीव्र असेल तर मात्र अडतं. भीतीला सामोरं जाऊनही हात न धुता, कुलूप पुन्हा न तपासता थांबायचं, या सरावाला बराच वेळ लागतो आणि तो मिश्र गटात मिळत नाही. अत्याचार किंवा अपघातातून गेलेल्याला तपशील सगळ्यांसमोर सांगायला लावू नये. आत्महत्येचे विचार जोरात असतील किंवा मॅनिया, म्हणजे बेफाम उत्साहाचा झटका, असेल, तर आधी वैयक्तिक उपचार.

तुम्ही निव्वळ सोशल अँग्झायटीचा गट मिळतोय का ते बघा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हाइमबर्ग यांनी बसवलेला नमुना साधारण असा: सहाएक माणसं, दोन थेरपिस्ट, आठवड्याला अडीच तास, १२ आठवडे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१३च्या मार्गदर्शिकेत या आजारासाठी वैयक्तिक सीबीटीला पहिली पसंती आहे, हेही सांगायला हवं. ती मिळत असेल, परवडत असेल, तर जरूर घ्या. तरी गटाला दुय्यम समजू नका.

कारण तुमच्या भीतीला लागणारा प्रेक्षक तिथे आयता असतो. समजा, दोन मिनिटं उभं राहून कामाबद्दल बोलायचंय. आधी कागदावर भाकीत लिहायचं: ‘हात थरथरेल, आणि आठपैकी सहा जणांना मी बावळट वाटेन.’ खात्री ८० टक्के. भीती, ० ते १००च्या मापावर, ७५. मग बोलायचं. नंतर प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, थरथर दिसली का आणि दिसली तर काय वाटलं. मोबाइलवरचं रेकॉर्डिंगही बघायचं. बघण्याआधी आपण कसे दिसलो असू ते लिहून ठेवायचं. एकट्या थेरपिस्टनं ‘छान बोललात’ म्हटलं तर ‘फी घेतात, गोडच बोलणार’ ही शंका उरते. आठ चिठ्ठ्यांबाबत ती धरणं जड जातं.

घोळ होतो तो बचावाच्या युक्त्यांनी. हात खिशात ठेवणं, ग्लास दोन्ही हातांनी धरणं, वाक्य मनात घोकणं, सत्राआधी जास्तीची अर्धी गोळी. प्रयोग पार पडतो, श्रेय युक्तीला जातं आणि भीती जागच्या जागी राहते. म्हणून तेच भाषण दोनदा करा: एकदा युक्त्या वापरून, एकदा त्या सोडून आणि लक्ष समोरच्यांच्या चेहऱ्यावर ठेवून. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका. क्लोनाझेपाम ही चिंतेवरची गोळी नियमित चालू असेल तर एकदम थांबवणं धोक्याचं असतं. काय घेता, कधी घेता ते डॉक्टरांना सांगा.

पहिली दोन सत्रं बहुतेक माहितीत जातात, बरं वाटतं. तिसऱ्या-चौथ्याला प्रयोग सुरू होतात आणि नेमकं तेव्हाच कुणाचं पोट बिघडतं, कुणाची गाडी पंक्चर होते. न यावंसं वाटलं की थेरपिस्टला तसं कळवायचं, हे आधीच ठरवून ठेवा. घरचा अभ्यासही चढत्या क्रमानं घ्या: कॅन्टीनमध्ये एका हातानं चहा, मग मीटिंगमध्ये एक प्रश्न, मग लग्नात पंगतीला बसणं. प्रत्येकाआधी भाकीत, नंतर निकाल, तोही लिहून.

प्रत्येकानं आपला आठवडा सांगायचा आणि त्यातच वेळ संपायचा, घरचा अभ्यास कुणी विचारायचाच नाही, असा गट म्हणजे नुसत्या गप्पा. थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का, तेही विचारा. जवळ गट नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत चौकशी करता येते.

सोशल अँग्झायटी मोजणारी प्रश्नावली पहिल्या सत्राला भरून घ्या आणि सहाव्याला पुन्हा. प्रयोग आणि घरचा अभ्यास करूनही आकडा जागचा हलला नसेल, तर उरलेली सहा सत्रं नेटानं ओढत बसू नका. दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवून वैयक्तिक सत्रं मागा.