मेनूच्या डिझाइनमध्ये करिअर करायचं तर कोडिंग सोडावं का?

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी हिशेबाचं वेब-ॲप केलं. लॅपटॉपवर मेनू छान चालतो, पण टॅबलेटवर बोट भलत्याच पर्यायावर पडतं आणि उपमेनू उघडतच नाहीत. गाइड म्हणतात, दोन वेगळे मेनू कर. मला यूआय-यूएक्समध्ये, म्हणजे ॲपचं दिसणं आणि वापरणं ठरवण्याच्या कामात, जायचंय. कोडिंग सोडून डिझाइनचा कोर्स करू का?

उत्तर : कोडिंग सोडू नकोस. तुझी अडचण चित्र काढून सुटणारी नाही, आणि ती तुझ्या लक्षात आली हेच तुझं भांडवल आहे.

उपमेनू अडतात ते बहुधा हॉवरमुळे, म्हणजे नुसता बाण वर आणला की उघडण्याच्या सोयीमुळे. माउसचा बाण न दाबता पर्यायावर नेता येतो. बोट एकतर टेकतं नाहीतर टेकत नाही. म्हणून उपमेनू क्लिकवर किंवा टॅपवरही उघडायला हवा. राहिला बोटाने दाबायच्या पर्यायाचा आकार. ॲपलची शिफारस ४४ बाय ४४ पॉइंटची, गुगलच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीची ४८ बाय ४८ डीपीची (पॉइंट आणि डीपी ही स्क्रीनवरच्या मापाची एककं). वेबसाठी डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीची नियमावली, २०२३) एए या मधल्या पातळीला, काही अपवाद सोडून, किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल मागितले आहेत (सीएसएस म्हणजे वेबपानाची मांडणी ठरवणारी भाषा). पण सरसकट मेनूतल्या सगळ्या ओळी उंच केल्यास डेस्कटॉपवरचा लांब मेनू स्क्रीनबाहेर जातो. ऑफिस २०१३ मध्ये टच आणि माउस असे दोन मोड दिले होते : आज्ञा त्याच, फक्त मधलं अंतर वाढायचं. मला ही वाट पटते.

गाइडांशी मात्र मी इथे सहमत नाही. दोन मेनू केलेस की सहा महिन्यांत एकात नवा पर्याय येतो आणि दुसऱ्यात राहून जातो. आज्ञांची यादी एकच ठेव, मांडणी बदलू दे. ती स्क्रीनच्या रुंदीवरून ठरवू नकोस. टचस्क्रीनचे लॅपटॉप आहेत, माउस जोडलेले टॅबलेटही आहेत. वापरणाऱ्याकडे बोट आहे की माउस हे तपासणाऱ्या सीएसएसमधल्या 'पॉइंटर' आणि 'हॉवर' या मीडिया क्वेरी (अटी) त्यासाठीच आहेत. राइट-क्लिकमध्ये दडवलेली आज्ञा दिसेल अशा बटणातूनही मिळू दे. टचवर त्यासाठी लाँग-प्रेस करून, म्हणजे बोट दाबून धरून, बघावं हे कुणाला आपणहून सुचत नाही. आणि कीबोर्ड! बाणाच्या कळांनी मेनूत फिरता यावं, एस्केपने तो मिटावा. हिशेब लिहिणारी माणसं दिवसभर कीबोर्डवरच असतात.

एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याला डावललं की काय होतं, हे विंडोज ८ मध्ये दिसलं. २०१२ साली स्टार्ट मेनू जाऊन पूर्ण स्क्रीनभर टाइल्स आल्या, माउसवाले वैतागले. ८.१ मध्ये स्टार्ट बटण परतलं, विंडोज १० मध्ये (२०१५) मेनूही.

आता करिअरचं. इंटरॅक्शन डिझायनर, फ्रंट-एंड डेव्हलपर (वापरणाऱ्याला दिसणारा भाग लिहिणारा), डिझाइन सिस्टिम (बटणं-मेनूंचा सामायिक संच), ॲक्सेसिबिलिटी (अपंगांसह सर्वांना वापरता येणं) या सगळ्या कामांत कोड कळणाऱ्या डिझायनरला किंमत असते. पोर्टफोलिओत दहा गुळगुळीत स्क्रीन टाकण्यापेक्षा हा एकच मेनू मांड. आधी काय होतं, चार-पाच जणांना माउस, बोट आणि कीबोर्डने तेच काम करायला दिलं तेव्हा ते कुठे अडले, मग काय बदललंस, आणि काय मुद्दाम बदललं नाहीस. मुलाखतीत शेवटच्या मुद्द्यावरच जास्त प्रश्न येतात.

कोर्स घ्यायचाच असेल तर तिथे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांसोबत चाचण्या घ्यायला लावतात का, हे आधी विचार. नुसतं फिग्मा (स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर) शिकवत असतील तर फी भरू नकोस, ते घरबसल्या येतं.