वाचक विचारतात : पट्टी दाबा आणि थांबा

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. दोन वर्षं पेटी शिकली, आता पियानो शिकायचं म्हणते. नवी पेठेत दोन कीबोर्ड पाहिले. एकात ६१ पट्ट्या, सहाशेवर आवाज, वर ताल आणि तानपुरा. दुसरा ८८ पट्ट्यांचा, पट्ट्या जड, आवाज मोजून दहा आणि किंमत दुपटीच्या वर. दुकानात आम्हाला पहिल्याचाच पियानो गोड वाटला. मग दुसऱ्याचे जास्तीचे पैसे कशाचे?
— एक आई, जुळे सोलापूर

ताई, पहिला गोड वाटला कारण तुमच्या घरातला कान पेटीवर तयार झालाय. माझाही तसाच. वडील बाळीवेशीजवळ पेट्या दुरुस्त करायचे, मी भात्याला कातडं चिकटवत मोठा झालो. पेटीत भाता हलतोय तोवर सूर न घटता उभा राहतो, आणि पट्टी हळू दाबा की आपटा, आवाज तेवढाच. पियानोचं गणित उलटं. तिथे नमदा गुंडाळलेली हातोडी तारेवर आदळून मागे येते आणि सूर जन्मला त्या क्षणापासून विरायला लागतो. तो कसा विरतो, यातच पियानोच्या आवाजाची परीक्षा आहे. दुकानात हे ऐकूच येत नाही, कारण दुकानदार डेमोचं बटण दाबून मोकळा होतो. डेमो आधी बंद करायला सांगा.

मग पियानोचा आवाज लावा आणि रिव्हर्ब काढून टाकायला सांगा. तो नुसता घुमारा असतो, साबणाच्या फेसासारखा. खालचं काही दिसू देत नाही. आता डावीकडची, खर्जातली एक पांढरी पट्टी मध्यम जोराने दाबा आणि बोट उचलू नका. मनात वीस मोजा. चांगल्या पियानोत आधी वरची धारदार झणझण निघून जाते, मग खालचा घुमणारा भाग उरतो, आणि वीस म्हणेपर्यंतही तो पुरता संपलेला नसतो. स्वस्त यंत्रात चार-पाच म्हणताच ‘वूं-वूं-वूं’ अशी एकसारखी लाट सुरू होते. म्हणजे यंत्रात भरलेलं मूळ पियानोचं रेकॉर्डिंग तेवढंच होतं. जागा वाचवायला त्याचा शेवटचा तुकडा गोल-गोल फिरवलाय आणि आवाज बारीक करत नेलाय. एकदा ही लाट कानाला सापडली की पुन्हा हरवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मग एकाच जोराने काळी-पांढरी सगळ्या पट्ट्या वाजवत डावीकडून उजवीकडे जा. मध्येच एखाद्या पट्टीवर पियानोच बदलल्यासारखा वाटतो. प्रत्येक पट्टीचं वेगळं रेकॉर्डिंग न करता एकच शेजारच्या चार पट्ट्यांवर ताणलेलं असतं, त्याचा तो सांधा. सांधे थोडेफार सगळीकडे असतात. ऐकू येऊ नयेत एवढंच.

आणि तिसरं, एकच पट्टी आधी हळू, मग जोरात. पियानोचं मूळ नाव पियानोफोर्ते, इटालियनमध्ये ‘हळू-जोरात’. इटलीतल्या क्रिस्तोफोरी नावाच्या वाद्यकाराने १७०० च्या सुमारास तो घडवला तोच मुळी या गुणासाठी. जोरात वाजवल्यावर आवाज नुसता मोठा होऊन भागत नाही, त्याला धार यायला हवी. काही स्वस्त मॉडेलांत तर जोराचा फरक पडतच नाही. तो कीबोर्ड दिसायला कितीही छान असो, तुमच्या मुलीच्या दृष्टीने ती वीज लागणारी पेटी.

आता पट्टी. पट्टीच्या टोकाशी सगळेच कीबोर्ड गोड बोलतात. तुम्ही बोट मुळाशी न्या, दोन काळ्यांच्या बेचक्यात, आणि तिथून पांढरी दाबा. पट्टीचा आस, म्हणजे ती ज्यावर वर-खाली हलते तो टेकू, फार पुढे असेल तर तिथे दाबायला दुप्पट जोर लागतो आणि सूर कधी निघतो, कधी नाही. काळ्या-पांढऱ्या मिसळून वाजवताना बोटं सारखी तिथेच जातात, त्यामुळे मी आवाजापेक्षाही ही परीक्षा वरची मानतो. आवाज उद्या कॉम्प्युटरवरून बदलता येईल, पट्टी बदलता येत नाही. तुम्ही पाहिलेल्या ८८ वाल्यात प्रत्येक पट्टीखाली खरीखुरी वजनाची हातोडी असणार, बहुधा खर्जाकडे जड आणि तारसप्तकाकडे हलकी होत जाणारी. तुमचे जास्तीचे पैसे तिथे गेलेत. शिंप्याची टेपही बरोबर न्या : एका सप्तकाच्या सात पांढऱ्या पट्ट्या मिळून साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास भरल्या पाहिजेत. बारक्या पट्ट्यांचं खेळणं घेऊ नका.

सहाशे आवाजांचं म्हणाल तर मुलगी त्यातला एक वाजवणार. फार तर कुत्र्याच्या भुंकण्याचा दुसरा, तोही पहिल्या दिवशी.

माझं मत ८८ ला. पैसे आत्ता जमत नसतील तर ६१ चा घ्या, पण टच असलेला, म्हणजे हळू-जोरातचा फरक कळणारा, आणि दोन-तीन वर्षांनी बदलायचाच या तयारीने. ८८ वाला घेतलात तर भक्कम स्टँडही घ्या, ओझं दहा-बारा किलोंचं असतं. गादीवर ठेवू नका. पुष्कळांचे स्पीकर खालच्या बाजूला असतात, सगळा आवाज गादी पिऊन टाकते आणि मग लोक माझ्याकडे ‘आमचा कॅसिओ बसला’ म्हणून येतात. (सोलापुरात यामाहासुद्धा कॅसिओच.)

प्रश्न : ऑर्केस्ट्रात वाजवतो. हेडफोनवर माझ्या कीबोर्डचा पियानो सुंदर लागतो, पण हॉलच्या साउंड सिस्टीमवर पातळ आणि डबक्यातून आल्यासारखा. बिघाड कुठे?
— अक्कलकोट रोड

बहुधा कुठेच नाही. तुमचा पियानो डाव्या-उजव्या दोन माइकने रेकॉर्ड केलेला आहे. साउंडवाला दोन्ही बाजू एकाच वायरीत कोंबतो, तेव्हा त्या एकमेकींतले काही सूर खाऊन टाकतात. मागे दोन आउटपुट असतील तर ज्याच्यावर डावा आणि मोनो (म्हणजे एकाच बाजूचा आवाज) असं दोन्ही लिहिलंय, फक्त त्यालाच वायर लावा. यंत्रात ‘मोनो पियानो’ असेल तर हॉलमध्ये तोच वापरा. हेडफोनवर तो कोरडा लागेल, लागू दे. पेडल दाबून ठेवल्यावर आधीचे सूर तुटत असतील तर गोष्ट वेगळी : एका वेळी ३२ सुरांची मर्यादा असलेल्या यंत्रात दोन बाजूंचा पियानो १६ सुरांतच थकतो. त्याला औषध नाही. पाय जरा आवरता घ्या.

प्रश्न : पंधरा वर्षांचा कीबोर्ड आहे. मधल्या तीन पट्ट्या कितीही हळू दाबल्या तरी किंचाळतात, एक मुकीच आहे. सर्किट गेलं का?
— पूर्व भाग

पूर्व भाग, म्हणजे सोलापूरची विणकरवस्ती, वाचूनच निम्मं कळलं. घरात नाहीतर शेजारी माग असणार.

प्रत्येक पट्टीखाली रबराची वाटी असते आणि तिच्या आत कार्बनचे दोन काळे ठिपके, एक जरा आधी टेकणारा, दुसरा नंतर. दोहोंमधल्या वेळावरून यंत्र जोर ठरवतं आणि त्याला १ ते १२७ मधला आकडा देतं. वेळ कमी, तर जोर जास्त. पहिल्या ठिपक्याखाली सुताचा तंतू अडकला की तो उशिरा टेकतो, दोन्ही जवळजवळ एकदम लागतात, आणि यंत्राला वाटतं तुम्ही पट्टी आपटलीत. म्हणून किंचाळी. दुसरा ठिपका टेकलाच नाही तर पट्टी मुकी.

गेल्या महिन्यात असाच एक उघडला. रबराची पट्टी उचलली तर खाली राखाडी लोकर पसरलेली, आणि तिच्यात एक मुंगी वाळून चिकटलेली. बोर्डावरचे काळे ठसे आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडाने अलगद पुसा. रबराचे ठिपके फक्त कोरड्या मऊ कापडाने. थिनर, पेट्रोल, पॉलिश पेपर यांपैकी काहीही जवळ आणू नका. उघडताना स्क्रू कागदावर त्यांच्या जागेनुसार टोचून ठेवा. एकदा घाईत मी आखूडच्या जागी लांब स्क्रू पिळला, आणि तो गिऱ्हाइकाच्या कीबोर्डच्या वरच्या अंगाने बाहेर आला. वरचा भाग पदरचे पैसे घालून बदलून दिला.

पुसून झाल्यावर कीबोर्ड झाकून ठेवा. झाकायला चादर चालेल, पण वापरून-धुऊन मऊ झालेली. कोरी चादर स्वतःच तंतू सोडते.