गावच्या क्रिकेट स्पर्धेच्या लाइव्हवर स्कोअर आणि नावं मराठीत कशी दाखवायची?

ओबीएस (लाइव्ह प्रक्षेपणाचं मोफत सॉफ्टवेअर) वापरत असाल तर वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. स्कोअर आणि नावांमागची पट्टी पीएनजी चित्र म्हणूनच बनवा. जेपीजीत पारदर्शकता नसते, पट्टीभोवतीचा पांढरा चौकोन मैदान झाकून टाकतो.

स्कोअरसाठी विंडोजवर जीडीआय प्लस हा टेक्स्ट सोर्स (ओबीएसमधला मजकूर दाखवणारा घटक) घ्या आणि त्यात फाइलमधून वाचायचा पर्याय टिक करा. नोटपॅडमध्ये ८७/४ चं ८७/५ करून सेव्ह केलं की स्क्रीनवर आपोआप बदलतं. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ ठेवा. फ्रीटाइपवाल्या टेक्स्ट सोर्सच्या नादी लागू नका, त्यात वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. मॅकवर असाल तर सरळ ब्राउझर सोर्स (वेबपेज स्क्रीनवर दाखवणारा घटक) वापरा.

फ्लेक्सवाल्याकडची जुन्या, युनिकोड (सगळीकडे मराठी मराठीच दिसावं अशी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली नावं पेस्ट करू नका. मी केली होती. ऐन फायनलला कॅप्टनच्या नावाजागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! मुक्ता, बालू हे मोफत युनिकोड फॉन्ट आहेत. त्यातलं जाड वळण घ्या, बघणारे बहुतेक मोबाइलवरच असतात. पट्टी अगदी तळाला चिकटवू नका, तिथे यूट्यूबची बटणं येतात.

खेळाडूचं नाव पाच-सहा सेकंद पुरे. प्रायोजकाचा लोगो मात्र काढून बघा, लगेच फोन येतो.